एका केसाचं माप

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेनऊला वाबळे सर आमच्या कंपनीच्या ट्रेनिंग रूममध्ये शिकवायला येतात. येतात म्हणजे पडद्यावर. रांजणगावच्या एमआयडीसीतल्या या खोलीचा मी इन्चार्ज, त्यामुळे प्रोजेक्टर लावायचा, पंखे चालू करायचे आणि नवीन भरती होऊन सहा महिन्यांच्या ट्रेनिंगवर असलेल्या वीस-बावीस जणांना खुर्च्यांवर बसवायचं हे काम माझंच. मग सर दिसतात. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, पाठीमागच्या भिंतीवर एक खिळा आणि त्या खिळ्याला काहीच नाही. पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका लुकलुकत असतो आणि त्याच्याशेजारी 'लाइव्ह' असं लिहिलेलं असतं. सरांना जाऊन सव्वा वर्ष होऊन गेलं.

पुढचं सगळं मला पाठ आहे. सर चष्मा वर सरकवतात, रजिस्टर उघडतात आणि हजेरी घ्यायला लागतात. "आढाव प्रशांत." मग थांबतात. 'हजर सर' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ, ना कमी ना जास्त. मान हलवतात, टिक करतात. "बनकर सचिन." पुन्हा थांबतात. अशी अडतीस नावं. त्यातला एकही माणूस आमच्या खोलीत नसतो, आणि तेव्हाही सरांच्या समोर नव्हता.

मी सरांकडे शिकलो ते दौंडला. रेल्वे कॉलनीच्या अलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये ते संध्याकाळचा वर्ग चालवायचे. दिवसा रेल्वेत फिटर आणि सहा वाजले की आमचे सर. माप घ्यायला शिकवायचे, बाकी काही नाही. मूळचे इनामगावचे. त्यांच्या लहानपणी गावात घोड नदीच्या काठाला खोदकाम चालायचं, आणि मातीत निघालेली फुटकी खापरंसुद्धा साहेब लोक मोजून वहीत लिहायचे. फुटक्या खापराला एवढा मान मिळतो हे पाहून आपण मोजमापाच्या नादी लागलो, असं सर सांगायचे.

त्यांच्यापुढे 'थोडं', 'लय', 'जवळच' असले शब्द काढायची सोय नव्हती. कुणी घासलेला तुकडा दाखवून म्हणालं, "सर, जॉब थोडा मोठा झाला," की सर मान तिरपी करणार. "थोडा म्हंजी किती?" एकदा पावण्यांनी मुलीच्या लग्नाला यायचा आग्रह केला, कार्यालय स्टेशनपासून जवळच आहे म्हणाले. सरांनी विचारलंच, "जवळ म्हंजी किती?" पावणे बिचारे ओशाळून पावलं आठवायला लागले. काकू, म्हणजे सरांच्या मंडळी, मला म्हणायच्या, "सोपान, संसारात एवढं मोजलं ना, तर दुसरी कुणी पळून गेली असती." त्यांची भाकरी सरांनी एकदा कॅलिपरनं मोजली होती. मधोमध आणि कडेला सारखंच माप आलं, तेव्हापासून सर भाकरीबद्दल कधी काही बोलले नाहीत.

वर्गाच्या पहिल्या दिवशी फळा नाही, वही नाही. सर प्रत्येकापुढे उभे राहायचे आणि हात पुढे करायचे. "एक दे."

"काय, सर?"

"केस. डोक्यावरचा. उपटून."

मग शर्टाच्या खिशातून मायक्रोमीटरची डबी निघायची. मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं मऊ फडक्यानं पुसायची, मधे आपला केस धरायचा, मागची छोटी कळ, म्हणजे रॅचेट, फिरवायची, तिचे तीन टकटक आवाज आले की थांबायचं आणि वाचायचं. आपलं माप आपण घ्यायचं. चुकलं तर चुकलं. सर ते रजिस्टरमध्ये आपल्या नावापुढच्या रकान्यात लिहायचे आणि मग नीट घ्यायला शिकवून बरोबर माप शेजारी लिहायचे. माझ्या नावापुढे पहिलं माप ०.०४ मिलिमीटर आहे आणि शेजारी ०.०८. माझ्या डोक्यावरच्या केसाला जाडी असते आणि ती मला मोजता येते, हे कळलं त्या दिवशी मी घरी जाताना सारखा डोक्याला हात लावत होतो. दहावीच्या गणितात दोनदा आपटलेला मुलगा मी. मला आपल्याला काहीतरी येतं असं वाटण्याची ती पहिली वेळ.

रकाना पुरा भरल्याशिवाय बॅच पुरी झाली असं सर मानायचे नाहीत. आमच्या बॅचला काळभोर म्हणून एक जण होता, तो वडिलांचं दिवसकार्य आटोपून गुळगुळीत डोक्यानं आला. कुणीतरी म्हणालं, हाताचा केस घ्या. सर म्हणाले, "डोक्याचा म्हंजी डोक्याचा." बाकीचं सगळं शिकवून झालं, तरी पानाखाली सही करीनात. काळभोरच्या डोक्यावर चिमटीत येण्याइतकं उगवेपर्यंत महिनाभर सगळी बॅच अडकून होती. शेवटी त्यानं माप घेतलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या आणि सरांनी सही केली.

नंतर मी शिरूरला राहायला गेलो, रांजणगावला चिकटलो. सर रिटायर झाले, वर्ग मात्र चालू राहिला. मग हळूहळू विद्यार्थी कमी झाले, शेडच्या मालकानं शेड गोदामाला दिली. त्याच सुमाराला काकू मुलीच्या बाळंतपणाला इंदूरला गेल्या. तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या आणि दोन वर्षं झाली. मुलीची नोकरी, नातवंड लहान, त्यांना निघता येईना. सर एकटे राहिले. मी महिन्या-दोन महिन्यांनी सुट्टीच्या दिवशी शिरूरहून एसटीनं दौंडला जायचो. सर दारातच बसलेले असायचे. त्यांनी स्वतः केलेली भाकरी एका बाजूला जाड, दुसरीकडे पापड. "मोजू नकोस," म्हणायचे. एकदा मी उठायला लागलो तर म्हणाले, "बस की. बोलून तेरा दिवस झालं." मला वाटलं माझ्याशी. मग लक्षात आलं, कुणाशीच.

म्हणूनच मी ती ऑनलाइन ट्रेनिंगवाली कंपनी त्यांना सुचवली. कंपनीचं नाव इथं नको. त्यांना मापन शिकवणारा मराठी माणूस हवा होता, फ्रीलान्स, घरबसल्या, आठ तासिका. सरांनी आधी नाही म्हटलं. मग विचारलं, "किती जण?" मी म्हणालो, अडतीस. सर उठून आत गेले आणि नवं रजिस्टर घेऊन आले.

मोबाइल जुन्या रजिस्टरांच्या ढिगावर उभा केला. पाठीमागचं कॅलेंडर काढायला लावलं, कारण कंपनीला पाठीमागं काही चालत नव्हतं. खिळा तेवढा राहिला. शिकणाऱ्यांचे चेहरे दिसायचे नाहीत, आवाज कंपनीनंच बंद ठेवलेले. सरांच्या समोर नुसती नावांची यादी. तरी सरांनी पहिल्या दिवशी हजेरी घेतली आणि प्रत्येक नावाला थांबले.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून एका मुलीचा फोन आला. मी तिथंच होतो. गोड बोलत होती. "सर, हजेरीत सात मिनिटं जातात. सिस्टीम ऑटोमॅटिक घेते अटेंडन्स."

"तुमची सिस्टीम घेऊ द्या की. मी माझी घेतो."

"पण सर, ते उत्तर देऊ शकत नाहीत."

"तवा मी थांबतो तेवढा," सर म्हणाले. "माणूस मनात तरी म्हणतो."

आठही तासिकांना त्यांनी हजेरी घेतली. शेवटच्या तासाला सांगितलं, आता एक केस घ्या. ज्यांच्याकडं मायक्रोमीटर नसेल त्यांनी गावातल्या लेथवाल्याकडं जावं, कुणी न्हाई म्हणणार नाही. माप घ्या आन् नावासकट मला पाठवा. मी वाट बघतो.

मानधन ठरल्या दिवशी जमा झालं, त्याबद्दल कंपनीला नावं ठेवायला जागा नाही. पण मापं आली नाहीत. एकही नाही. सरांनी कंपनीला मेसेज केला. उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, आम्ही लवकरच संपर्क साधू. सरांनी लिहिलं, 'लवकर म्हणजे किती?' पुन्हा तेच उत्तर आलं, त्याच शब्दांत. सरांनी मला फोन दाखवला. "हे माणूस न्हाई, सोपान. दोनदा सारखंच बोलतंय."

मग एक दिवस ते डेमू गाडीनं पुण्याला गेले. कराराच्या कागदावर पत्ता होता. तिथं मोठी काचेची इमारत, आत लांबच लांब टेबलं, प्रत्येक टेबलावर वेगळी कंपनी. सरांच्या कंपनीचं टेबल दोन महिन्यांपूर्वी उठलं होतं. रिसेप्शनवरच्या मुलीनं त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली. सर तिथं अडीच तास बसले, कारण कुणीतरी येईल असं त्यांना वाटत होतं. येताना त्या मुलीनं विचारलं, आजोबा, काम काय होतं? सर म्हणाले, "अडतीस जणांचं एकेक माप राह्यलंय." ती काय समजली कुणास ठाऊक. तिनं त्यांना टेलरिंगचं दुकान सुचवलं. हा किस्सा सांगताना सर पोटभर हसले.

काकूंचा मला फोन यायला लागला. "सोपान, त्यांना पाठव रे इकडं. गेल्या महिन्यात ताप आला होता, मला शेजारच्यांकडून कळलं." मी सरांना सांगून पाहिलं. सर म्हणाले, "बॅच चालू हाय. मधीच कसं सोडायचं? इकडं कुणाचं माप आलं, आन् मी तिकडं असलो तर?"

"सर, तिकडंही मोबाइल लागतो."

"रकाना कोरा ठेवून मी कवा गाव सोडलंय?"

म्हणजे माणूस एका कोऱ्या रकान्यापायी दौंडात एकटा ताप काढत होता, आणि तो रकाना त्याच्या गळ्यात मी बांधला होता. शेवटी एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ट्रेनिंग रूमच्या कॉम्प्युटरवर मी अडतीस मापं लिहिली. ०.०६, ०.०७, ०.०८. उलटीसुलटी फिरवून, कुणाला शंका येणार नाही अशी. वर त्या ट्रेनिंगवाल्या कंपनीचं नाव टाकलं, प्रिंट काढली आणि सुट्टीच्या दिवशी दौंडला गेलो.

सरांनी कागद पाहिला आणि आधी चहा टाकला. साखर दोनदा घातली. मग रजिस्टर काढलं, शाईचं पेन काढलं आणि एकेक माप उतरवायला बसले. नाव मोठ्यानं म्हणायचे, माप म्हणायचे, लिहायचे. चौदावं माप लिहून पेन थांबलं. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिला.

"सोपान, ह्यातल्या कुणीच केस दाबला न्हाई?"

"म्हणजे, सर?"

"पहिल्यांदा मायक्रोमीटर धरणारा माणूस पिळतोच. रॅचेट सोडून जाडी मूठ, थिंबल फिरवतो आन् केस चपटा करतो. तूबी केलतास, चार आलं हुतं तुझं. कुणी तोंडं पुसत न्हाई, त्याचं जास्त येतं. हितं अडतीस माणसं, आन् एकबी चुकंना. असा वर्ग मला अख्ख्या जन्मात मिळाला न्हाई."

मी कपबशी खाली ठेवली.

"कवा लिवलंस?"

"काल. जेवायच्या सुट्टीत."

सर रागावले असते तर बरं झालं असतं. चुकीची नोंद कधी खोडायची नाही, तिच्यावर एक आडवी रेघ मारायची आणि बाजूला सही करायची, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. त्यांनी चौदा मापांवर चौदा रेघा मारल्या आणि चौदा वेळा सही केली. प्रत्येक सही पुरी, घाई नाही. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही.

मग ते म्हणाले, "आता खरं सांग. तिकडं कुणी हाय का?"

मी सांगितलं. ते अडतीस कोण होते, होते की नुसती नावंच होती, मला माहीत नाही. पण तुमच्या तासांचं रेकॉर्डिंग कंपनी आता जागोजागी विकते. आमच्या कंपनीनंही घेतलंय. दर महिन्याला एका दिवसात आठही तास माझ्याच खोलीत लागतात, वर लाइव्ह लिहिलेलं असतं. कापाकापी करायलाही कुणी बघितलेलं दिसत नाही, हजेरीसकट सगळं तसंच आहे. हे मला चार महिने माहीत होतं आणि मी बोललो नव्हतो, तेही सांगितलं.

सरांनी रजिस्टर बाजूला सरकवलं. बाहेर यार्डातून डब्यांच्या शंटिंगचा आवाज येत होता. मग विचारलं, "मी हजेरी घेतो तवा काय करत्यात?"

"पहिल्यांदा हसली, सर. मग राकेश म्हणून एक जण आहे, बिहारचा. आढाव प्रशांत म्हटल्यावर तो म्हणाला, हाजिर सर. मग बाकीचेही म्हणायला लागले. ज्याच्या वाट्याला जे नाव येईल त्याला."

सरांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "किती जण?"

"बावीस."

"मायक्रोमीटर हाय तुझ्या खोलीत?"

"सहा आहेत. कपाटात."

"मग?" सर म्हणाले.

चार महिने पडद्यावरून माझे सर सांगत होते, आता एक केस घ्या, आणि त्यांचा विद्यार्थी मागच्या खुर्चीवर बसून मोबाइल बघत होता. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती. कंपनीला मी किती शिव्या घातल्या होत्या. तिथं टेबल उठून गेलं होतं, मी तर बसलेला होतो.

निघताना सर म्हणाले, "म्हंजी ही बॅच सुटली म्हणायची." रजिस्टर मिटलं. दुसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन आला की बुधवारचं तिकीट काढलंय.

त्याआधीच्या सोमवारी मी कपाट उघडलं. पडद्यावर सर म्हणाले, आता एक केस घ्या, आणि मी सहाही डब्या टेबलावर मांडल्या. राकेश म्हणाला, "सर, बाल क्यूँ?" मी म्हणालो, पहले उखाड. खोलीत हशा पिकला. मग एकेक जण वाकून बसला आणि हळूहळू सगळे गप्प झाले. कुणाचं काय चुकतंय ते मला दिसत होतं, हात शिवशिवत होते, तरी मी बोललो नाही. पहिलं माप त्यांचं त्यांनी घ्यायचं असतं. प्रत्येकानं आपलं नाव आणि माप आपल्या हातानं कागदावर लिहिलं. नीट कसं घ्यायचं ते मी नंतर दाखवलं.

बुधवारी अर्धी रजा टाकून मी दौंडला पोचलो तर सर फलाटावर बाकावर बसले होते. एक पत्र्याची ट्रंक, एक पिशवी, शर्टाच्या खिशात डबी. मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावला आणि आधी अक्षरं पाहिली, बावीस जणांची बावीस वळणं, काही मराठी, काही हिंदी. मग बोट खाली सरकायला लागलं.

"यादव राकेश, पॉइंट शून्य तीन. पिळतोय हा." पुढं गेले. "गायकवाड, पॉइंट चौदा? ह्यानं दोन केस धरलेत." ते हसले. "ही शिंदे कोण हाय? एकदम बरोबर घेतलंय बघ पोरीनं." मला इतक्या वर्षांत ते असे बोलताना आठवत नाहीत, एका दमात, जणू ती बावीस माणसं बाकावर रांगेनं बसली आहेत. मग कागद मांडीवर ठेवून त्यांनी मला विचारलं, "तुझं कुठाय?"

"माझं तुमच्या जुन्या रजिस्टरात आहे, सर."

"ते तवाचं. एक दे."

फलाटावर, हमालांच्या आणि डब्यांच्या गर्दीत, मी केस उपटून दिला. सरांनी तोंडं पुसली, केस धरला, तीन टकटक. "सहा," म्हणाले. "बारीक झालायस तू."

इंदूरची गाडी लागली. ट्रंक वर चढवली, सर खिडकीशी बसले. मी विचारलं, परत कधी? सर म्हणाले, "येतो लवकर."

"लवकर म्हंजी किती, सर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला, आणि आत घेतला. आठ महिन्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. तो आला तेव्हा मला आधी तो हातच आठवला.

गाडी हलली तेव्हा त्यांनी रजिस्टर मांडीवर उघडलं होतं. नवं पान. मी खिडकीबरोबर चालत हात हलवत होतो, पण त्यांचं लक्ष नव्हतं. कागद डाव्या हातात धरून ते नावं उतरवत होते. ओठ हलले, एक नाव म्हटलं. मग पेन वर धरून ते थांबले, हजर म्हणायला लागतो तेवढाच वेळ, मान हलवली आणि टिक केली.